बोटांचं घड्याळ आणि एक धड यंत्र

दादा गेला त्या दिवशी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात एवढी माणसं जमली होती, की अप्पांचं घड्याळ कुणाच्या पायाखाली आलं ते कळलंच नाही. दादाला माती देऊन मंडळी परतली, बाहेरच्या खोलीची फरशी धुवायला घेतली, तेव्हा पाटाजवळ चेपलेला पत्रा आणि दोनचार पितळी चाकं सापडली. कुणीतरी ती केराबरोबर लोटून दिली. घड्याळाचा विचार करण्याच्या अवस्थेत कोणीच नव्हतं. अप्पा पुन्हा पूजेला बसायला लागले, तेव्हा काय मोडलं आहे ते आमच्या ध्यानात आलं.

अप्पांची, माझ्या वडिलांची, नजर काचबिंदूनं गेली होती. जन्मभर भुसाराच्या दुकानात बसलेला माणूस. दुकान सुटलं, पेपर वाचणं सुटलं, उरली ती लिंगपूजा. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला भस्म लावून ते पाटावर बसत, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत आणि तासभर तसेच राहत. रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा एकदा. पूजेत ते बोलत नसत आणि दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. त्यात त्यांना मधुमेह होता. उपाशीपोटी फार वेळ गेला की घाम सुटायचा आणि हात थरथरायला लागायचा. हात थरथरला तर लिंग खाली पडेल, याहून मोठी भीती अप्पांना जगात नव्हती. मरणाचीसुद्धा नव्हती.

दादानं त्यावर उपाय काढला होता. तो कोर्टात कारकून होता, पण घरी आला की कुठली तरी वस्तू उघडून बसायचा आणि तिचं भलतंच काही करून ठेवायचा. आमचा रेडिओ ॲल्युमिनियमच्या डब्यात होता आणि कंदिलाच्या खोक्यात त्यानं विजेचा दिवा बसवला होता. अप्पांसाठी त्यानं एक गजराचं घड्याळ घेतलं, त्याची काच काढली, घंटा काढून टाकली, तबकडीवर बारा जागी उंचवटे केले आणि पत्र्याचे नाजूक काटे काढून जाड पितळी काटे बसवले. ते घड्याळ अप्पांच्या उजव्या हाताला एका बुटक्या चौरंगावर उताणं ठेवलेलं असायचं. पूजा चालू असताना अप्पा उजव्या हाताची बोटं त्यावरून फिरवत, तास भरला की लिंग कपड्यात बांधून उठत. कुणाला काही विचारायला नको, कुणी काही सांगायला नको.

आता ते नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी भीत भीत म्हटलं, अप्पा, तास झाला. पूजेत बोलणं झालं म्हणून ती पूजा मोडली असं धरून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी ते दुपारपर्यंत उठले नाहीत. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. मग मी साधं गजराचं घड्याळ लावून पाहिलं. गजर वाजला तेव्हा अप्पा इतके दचकले, की लिंग तळहाताच्या कडेपर्यंत घसरलं. गजर पुन्हा लावायचा नाही असं त्यांनी सांगितलं नाही, पण ते घड्याळ त्यांनी स्वतःच उचलून माझ्या पुस्तकांच्या कपाटात नेऊन ठेवलं. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी पुण्याहून आंधळ्यांसाठीचं मनगटी घड्याळ आणवलं. त्याला चामड्याचा पट्टा होता, तो पूजेला चालणार नव्हता. पट्टा काढला, तर त्यावरचे ठिपके एवढे बारीक की धान्य पारखून जाड झालेल्या अप्पांच्या बोटांना ते लागेचनात. मग मी बाजारातल्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाले, बिनकाचेचं घड्याळ आपण बनवत नाही, आठ दिवसांत धूळ जाऊन बंद पडतं आणि नाव आपलं खराब होतं. मला त्यांचा राग आला. माझ्या भावानं केलेलं घड्याळ काही बंद पडलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, ते मीच करायचं.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. हातात खडू आणि पुस्तक याखेरीज काही धरलेलं नव्हतं. पण काम समजण्यासारखं होतं. तबकडीला बारा जागी बारीक भोकं पाडायची, त्यांत पितळेच्या तारेचे तुकडे बसवायचे, बाराच्या जागी दोन. पितळी पट्टीतून काटे कापायचे, त्यांना मधोमध भोक पाडायचं, कडा घासून गुळगुळीत करायच्या. दादानं हे हुबळीला गेलेल्या एका दंतवैद्य मित्राच्या यंत्रावर केलं होतं, एवढं वहिनीला माहीत होतं. मित्र गेला, यंत्र गेलं. मला दुसरं शोधायचं होतं. हातात मावणारं, जोरात फिरणारं, बारीक कामाचं एक धड यंत्र. सोलापुरात एवढ्या गिरण्या, एवढे माग, एवढी यंत्रं, आणि मला मुठीएवढं एक मिळेना.

आधी हातानं फिरवायचं ड्रिल आणलं, सुतार वापरतात तसं. एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्यानं चाक फिरवायचं, आणि तबकडी धरायला तिसरा हात हवा. तो वहिनीनं दिला. ड्रिलचं तोंड जाड कामासाठी केलेलं होतं. बारीक बिट, म्हणजे भोक पाडायची सळई, त्यात नीट पकडलाच जाईना. चाक फिरवलं की बिटाचं टोक गोल गोल भटकायचं, तबकडीवर ओरखडे काढायचं आणि शेवटी कट् करून तुटायचं. तिसरा बिट तुटला तेव्हा तबकडीही वाकली होती. वहिनी म्हणाली, "वन्सं, हे घड्याळ आहे. भिंत नाही."

मग विजेचं ड्रिल बघायला एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. मालकांनी माझ्या मागे कुणी येतंय का ते आधी पाहिलं. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी खालच्या खणातून एक अवजड धूड काढून फळीवर ठेवलं आणि त्याची माहिती माझ्याऐवजी शेजारी खिळे घेत असलेल्या गिऱ्हाइकाला सांगायला लागले. सागवान असो, सिमेंट असो, आरपार. मी म्हटलं, मला कागदासारख्या पत्र्याला टाचणीएवढं भोक पाडायचं आहे. ते हसले. म्हणाले, "बाई, तुमी कशाला तरास घेता? घरातल्या माणसाला पाठवा की. त्यांना बरोबर समजावून देतो."

मी ते ड्रिल तिथंच ठेवून बाहेर पडले. घरातल्या माणसाला पाठवणं शक्य असतं तर मी त्या दुकानाची पायरी कशाला चढले असते. हे वाक्य मला घरी पोचल्यावर सुचलं. नेहमी तसंच होतं. उलट जाऊन ते त्यांना ऐकवावं असं बरेच दिवस वाटत राहिलं.

पुढच्या गल्लीत एक म्हातारे दंतवैद्य होते. त्यांनी नवं विजेचं यंत्र घेतलं होतं आणि जुनं पायानं चालवायचं विकायचं होतं. मी गेले तेव्हा त्यांनी आधी माझे दात पाहिले, मग यंत्र दाखवलं. बिडाचा जड पाय, वर चाक, चाकावरून गेलेली दोरी आणि शेवटी लेखणीसारखी धरायची मूठ. मूठ हातात घेतली आणि मला वाटलं, हेच ते. बोटांत लेखणीसारखी बसत होती. पण तिला फिरवायचं पायानं. पाय जोरात मारला की टोक किंचाळायचं, जरा ढिला पडला की मरायचं, आणि मध्येच दोरी चाकावरून उतरायची. त्यांची उभी हयात त्यावर गेली होती, त्यांचा पाय न बघता चालत होता. माझा पाय आणि हात एकमेकांचं ऐकेनात. तरी मी घ्यायला तयार झाले. तेव्हा ते म्हणाले, यंत्र एकटं देणार नाही, खुर्चीसकट न्यायचं. ती खुर्ची आमच्या दारातून आत गेली नसती. मी तसं म्हटलं, तर त्यांनी दाराचं माप विचारलं.

या सगळ्यात दिवस चालले होते. अप्पांनी स्वतःच एक तोडगा काढला होता. शेजारच्या छापखान्याचं यंत्र सुरू झालं की बसायचं आणि रस्त्यावरून दुधाच्या रिकाम्या किटल्या परत जाताना ऐकू आल्या की उठायचं. पण त्या काळात वीज कधीही जायची, छापखाना बंद असायचा, दूधवाला लवकर जायचा किंवा यायचाच नाही. मी शाळेतून येऊन वहिनीच्या तोंडाकडे बघून ओळखायची, आज किती वेळ बसले. एकदा तिनं मला दाराशीच गाठलं. अप्पांचा डावा हात थरथरायला लागला तसा त्यांनी उजवा हात खाली लावून लिंग सावरलं होतं, आणि उठल्यावर ते लहान मुलासारखे रडले होते. वहिनीनं त्यांना गूळपाणी दिलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, अशा दिवसांत तिनं त्यांचं पुसलं.

समोरच्या घरातल्या आजींचा नातू बोटीवर नोकरीला होता. तो सुटीवर आला तेव्हा माझी यंत्राची शोधाशोध गल्लीभर झालेली होती. तो स्वतःहून एक निळी पेटी घेऊन आला. आत मऊ कापडात वांग्याएवढं यंत्र, शेजारी ओळीनं लावलेली टोकं. भोकं पाडायची, घासायची, कापायची, चकाकी आणायची. मी एवढी सुंदर वस्तू फार कमी वेळा पाहिली आहे. त्यानं एक बारीक बिट लावला, पिन भिंतीत खोचली आणि यंत्र माझ्या मुठीत दिलं.

ते काही क्षण मला अजून आठवतात. मुठीला वजन नव्हतं. थरथर नव्हती. टोक एवढ्या वेगानं फिरत होतं की ते उभं आहे असं वाटत होतं, आणि ते पत्र्याला लावलं तर जोर न देता आपसूक आत गेलं. भोक पडलं, कड स्वच्छ. मी दुसऱ्या खुणेवर टोक नेलं. तेवढ्यात आवाज वर चढला, मूठ तापली आणि जळक्या रबराचा वास आला. धूर निघाला तशी त्यानं पिन उपटली. यंत्राच्या पोटावर एकशे दहा व्होल्ट लिहिलेलं होतं. आपल्या भिंतीतली वीज त्याच्या दुप्पट. तो ओशाळला, म्हणाला, अक्का, बोटीवर तर चालायचं. मी यंत्र गार होऊ दिलं आणि पेटीत ठेवून त्याला परत केलं. आजींनी मात्र त्याला गल्लीत सगळ्यांसमक्ष विचारलं, की बोट का नाही आणलीस बरोबर.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण एक गोष्ट झाली होती. चांगलं यंत्र हातात कसं लागतं ते मला कळलं होतं. त्यापूर्वी मी दुकानदार सांगतील ते ऐकत होते, ताकद किती, लोखंड कुठलं, टिकतं किती वर्षं. त्यातलं काहीच मला नको होतं. मला हवं होतं ते एवढंच, की मूठ हलकी असावी, वेग माझ्या ताब्यात असावा, तोंडानं बारीक बिट घट्ट धरावा आणि फिरताना टोकानं भटकू नये.

म्हणून सोनारांच्या आळीत गेले तेव्हा मी उरलेला एकुलता एक बिट कागदात गुंडाळून बरोबर नेला. तिथं विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याचं एक छोटं दुकान होतं. सोनारांसाठी तो शिलाई मशीनच्या मोटारीला वाकणारी लांब नळी जोडून यंत्रं बनवायचा. मोटार वर खुंटीला टांगायची, नळीच्या आतून तार फिरते, नळीच्या टोकाला मूठ, आणि वेग कमीजास्त करायला शिलाई मशीनचंच पेडल. वजन सगळं खुंटीवर. मूठ जवळजवळ त्या जळालेल्या यंत्रासारखी. मी माझा बिट लावायला सांगितला, पेडल दाबलं आणि बिटाचं टोक एका बाजूनं, डोळ्याच्या पातळीला आणून बघत राहिले. टोक एका जागी उभं राहिलं नाही. त्यानं हवेत एक बारीकसं वर्तुळ काढलं. मी म्हटलं, हे नको. त्यानं दुसरं दिलं. तेही नको. तिसऱ्याची मूठ तापत होती.

"बाई, तुमी सोनाराच्या घरातल्या हाय का?" त्यानं विचारलं.

"नाही. मास्तरीण आहे."

"तरीच. पेपर तपासल्यागत बघायला लागलाय."

चौथ्या यंत्राचं टोक उभं राहिलं. पेडल हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात. ते मी घेतलं. मोटार जुनी होती, नळीला एका जागी चिकटपट्टी लावलेली होती, आणि चालू असताना ती मांजर दुखावल्यासारखा आवाज करायची. पण टोक भटकत नव्हतं.

बिघाड सगळे संपले असं नाही. मी दोन तबकड्या वाया घालवल्या. पहिले काटे इतके जड झाले, की त्यांच्या वजनानं घड्याळच थांबायचं; ते घासून घासून हलके केले. पितळेच्या भुग्यानं माझी बोटं हिरवट झाली आणि वर्गातल्या मुली त्याकडे बघायच्या. पण घड्याळ झालं. सगळ्या खुंट्या एकसारख्या, एकही कड बोटाला खुपत नव्हती. खरं सांगायचं तर ते मला दादाच्या घड्याळाहून रेखीव वाटत होतं. सकाळी मी ते चौरंगावर ठेवलं आणि अप्पांचा उजवा हात त्यावर नेला. त्यांनी बोटं फिरवली, बाराची जोडी शोधली, काटे चाचपले. पूजा करून तासाभरानं आपले आपण उठले. वहिनीनं त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी शेवयांची खीर केली, अप्पांची बिनसाखरेची.

आणि दुसऱ्या आठवड्यात ते बंद पडलं. पूजेच्या मध्येच. अप्पा बोटं फिरवत राहिले, काटे जागचे हलेनात. वेळ अजून झालेली नाही असं समजून ते बसून राहिले. मी शाळेत होते. वहिनीनं शेवटी त्यांचा डावा हात खालून स्वतःच्या दोन्ही हातांत धरला, आणि अप्पांनी तो धरू दिला. घरी आल्यावर मी घड्याळ उघडलं. आत चाकांवर राखाडी चिखल साचला होता. भस्म. अप्पांच्या उजव्या हाताची बोटं पूजेत भस्मात बुडत, पाण्यात बुडत आणि मग घड्याळावर येत. मी पाडलेली ती सुबक भोकं, काट्यांखालची फट, सगळीकडून ते आत उतरलं होतं. मी स्वतः रोज भस्म लावते. माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं.

मी ते यंत्र खुंटीवरून ओढून काढलं. इतके दिवस, इतकी दुकानं, इतकं हसं, आणि हातात काय, तर आठ दिवसांचं घड्याळ. घड्याळजींचंच खरं झालं होतं. मी वहिनीला म्हटलं, दादाचं कसं कधी बंद पडलं नाही? त्यानं असं काय केलं होतं, जे मला जमत नाही?

वहिनी तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं ते चिडून. "बंद पडत नव्हतं कसं? दर आठवड्याला पडलं असतं. अप्पा सोमवारी सकाळी देवळात गेले की कोर्टात जायच्या आधी हे बसायचे ते उघडून. दाढीच्या जुन्या ब्रशनं झाडायचे, रॉकेलचा थेंब लावायचे, पुसायचे, परत लावून ठेवायचे. एक सोमवार चुकवला नाही. तुम्हाला काय वाटलं वन्सं, एकदा केलं आणि सुटले?"

मला खरंच तसं वाटलं होतं. सोमवारी त्या वेळी मी शाळेत असायची.

तो ब्रश कुठं आहे ते वहिनीनं काढून दिलं. मी त्याच संध्याकाळी चाकं धुतली. सोमवार मला शक्य नव्हता, म्हणून रविवार धरला. रविवारी अप्पा अंगाला तेल लावून सावकाश न्हात, तेवढ्या वेळात मी घड्याळ उघडायची, झाडायची, पुसायची, माझ्या मनगटातल्या घड्याळाशी वेळ जुळवायची आणि त्यांचं अंग पुसून व्हायच्या आत चौरंगावर जिथल्या तिथं ठेवायची. हे काम मला आवडलं असं म्हणता येणार नाही. रॉकेलचा वास हाताला दिवसभर राहायचा, तपासायच्या वह्या पडून राहायच्या, आणि एखादा स्क्रू फरशीच्या भेगेत गेला की मी दातओठ खात गुडघ्यांवर बसून तो शोधायची. अप्पांना यातलं काही कळू नये अशी माझी धडपड असायची. त्यांच्या दृष्टीनं घड्याळ नुसतं चालू असावं, जसं दादाचं असायचं.

असे बरेच रविवार गेले. एका रविवारी पूजा आटोपून अप्पांनी लिंग कपड्यात बांधलं, गळ्यात अडकवलं, आणि उठायच्या आधी उजवा हात पुन्हा घड्याळावर ठेवला. मी दाराशी वह्या घेऊन बसले होते.

"पोरी," ते म्हणाले, "पुसून झालं की रेडिओच्या बातम्यांना लावत जा. तुझं मनगटातलं दोन मिनिटं मागं आहे. तो रेडिओला लावायचा."